मुलांचा अभ्यास आणि एआय: पालक मला सारखे विचारतात ते प्रश्न

मी साताऱ्यात घरी शिकवण्या घेते, पाचवी ते दहावी, मुख्य गणित-विज्ञान आणि बाकी जे अडेल ते. आधी पालक विचारायचे पाठांतर होत नाही काय करू, अक्षर सुधारत नाही काय करू. गेली दोन-तीन वर्षं मात्र सगळ्यांचा एकच सूर आहे, "मॅडम तो सगळं त्या एआयलाच विचारतो". तीच तीच उत्तरं रात्री अकरा वाजता टाईप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत, थोडी काटछाट केलीये एवढंच. माझ्याकडची मुलं बहुतेक स्टेट बोर्डाची, मराठी नाहीतर सेमी, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच येतील.

१. एआय एआय म्हणतात ते ही मुलं नक्की काय वापरतात? मला व्हॉट्सअपमधला तो निळा गोल एवढंच माहितीय.

तो निळा गोल म्हणजे मेटा एआय, आणि तोही त्यातलाच. बाकी चॅटजीपीटी, जे नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं, मग गूगलचं जेमिनी, आणखी पाच-सहा आहेत. काम साधारण सारखंच, तुम्ही काहीही विचारा, ते वाक्यं जुळवून उत्तर देतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत. गूगलवर शोधलं की कुणीतरी लिहिलेलं पान समोर येतं. हे तसं नाही करत. प्रचंड मजकूर वाचून त्याला एवढं कळलंय की या शब्दानंतर साधारण कुठला शब्द येतो, आणि तसा एकेक शब्द पुढे लावत जातं. बऱ्याचदा बरोबर येतं, कधीकधी साफ चुकतं, पण आवाज दोन्ही वेळेला तोच, वर्गातल्या त्या हुशार मुलासारखा, ज्याला येत नसलं तरी हात पहिला वर असतो. काही एआय आता शोधून पण देतात आणि खाली लिंका लावतात, तरी सवय तीच.

२. कितव्या वर्षी द्यायचं?

चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमात १३ वर्षं पूर्ण पाहिजेत आणि १८ च्या आत असेल तर आईवडिलांची परवानगी पाहिजे. क्लॉड नावाचं आहे त्यांची अट तर सरळ १८ ची. हे नियम कोणी वाचत नाही, सहावीतली पोरं जन्मसाल २००० टाकून बसलेली मी बघितलीयेत.

माझं मत विचाराल तर पाचवीपर्यंत अजिबात नको. त्या वयात पाढे, वाचन, हाताने लिहिणं हे बसायचं असतं आणि ते कष्टानेच बसतं. सहावी ते आठवी तुमच्या फोनवर, तुमच्यासमोर, स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ बसून. नववीपासून वय बसत असेल तर स्वतःचं खातं, पण प्रश्न ४ मधला नियम पाळून.

३. सरळ बंदच केलं तर? ना रहेगा बांस.

करून बघा. तो मित्राच्या फोनवर करेल, नाहीतर तुमच्याच व्हॉट्सअपवर, कारण तो निळा गोल तिथेच बसलाय. एका घरी आजोबांच्या फोनवरून आख्खा इतिहासाचा स्वाध्याय झाला होता, आजोबांना वाटलं नातू हवामान बघतोय.

आणि खरं सांगू का, आपण कुठे धुतल्या तांदळाचे होतो. आपल्या वेळी गाईड होतं, अपेक्षित प्रश्नसंच होते, स्वाध्यायाची उत्तरं गाईडमधून वहीत उतरवायची आणि खाली बाईंची लाल सही, झाला अभ्यास. फरक एवढाच की गाईडमध्ये फक्त पुस्तकातल्याच प्रश्नांची उत्तरं असायची, त्यामुळे परीक्षेत जरा वाकडा प्रश्न आला की आपली फजिती व्हायची आणि आपल्याला कळायचं की काहीच येत नाही. इथे कुठल्याही वाकड्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, म्हणून येत नाही हे कळायलाच खूप उशीर होतो.

४. मग नियम काय? लांबलचक नको, एका वाक्यात सांगा.

आधी वही, मग एआय, आणि मग परत वही.

वाक्य झालं, आता जरा फोड करते. आधी वही म्हणजे प्रश्न समोर घेऊन १५-२० मिनिटं स्वतः झगडायचं, चुकलं तरी चालेल, अर्धवट राहिलं तरी चालेल, पण कागदावर काहीतरी पाहिजे. मग एआयला विचारायचं ते "उत्तर दे" असं नाही, "मी हे केलंय, कुठे अडलोय बघ" असं. आणि परत वही म्हणजे फोन उलटा ठेवून तेच गणित किंवा उत्तर पहिल्यापासून, न बघता. हा तिसरा टप्पा सगळे गाळतात, आणि खरं शिकणं तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध पिताना, काल अडलेला एक प्रश्न तोंडी विचारा. आला तर एआय कामी आलं, नाही आला तर रात्री नुसती नक्कल झाली. याच्यापेक्षा मोठी तपासणी कुठल्याच पालकाला करायची गरज नाही.

५. हे खरंच नुकसान करतं का उगाच घाबरवताय? आमच्या वेळी कॅल्क्युलेटरबद्दल पण असंच बोलायचे.

घाबरवत नाहीये. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळपास हजार मुलांवर हा प्रयोग झालाय, गणिताचाच. काही मुलांना सराव करताना साधं चॅटजीपीटीसारखं एआय दिलं, काहींना असं दिलं की जे उत्तर देत नाही, फक्त इशारे देतं आणि तेही शिक्षकांनी तयार करून दिलेले, आणि काहींना काहीच नाही, फक्त वही-पुस्तक. सरावात साधं एआय वापरणाऱ्यांचे मार्क वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी चांगले, इशारेवाल्यांचे तर १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. साधं एआय वापरलेली मुलं, ज्यांना कधीच एआय मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. इशारेवाली मुलं साधारण वही-पुस्तकवाल्यांच्या बरोबरीला राहिली.

आता हे परत वाचा. इशारेवाल्यांचं नुकसान झालं नाही, पण सरावातली ती सगळी उडी परीक्षेत कुठे दिसलीच नाही. म्हणजे घरी वही भरलेली दिसते, मूल खूश, आपण खूश, आणि पेपरात जे आधी येत होतं तेवढंच येतं. मला या प्रयोगातली ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, पेपरवाले १७ टक्केच छापतात.

कॅल्क्युलेटरचं म्हणाल तर तो गुणाकार करून देतो, कुठला गुणाकार करायचा ते नाही सांगत. हे तेही सांगतं. आणि दहावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर आजही चालत नाही.

६. गणितात कसं वापरू द्यायचं? फोटो काढला की पायऱ्यांसकट सगळं उत्तर येतं.

हो आणि पायऱ्या असतात म्हणूनच जास्त फसगत, कारण पायऱ्या वाचताना डोकं हलत राहतं, हो हो बरोबर, आणि वाटतं की समजलं. दुसऱ्याला पोहताना बघून पोहता येत नाही.

परवाचंच उदाहरण सांगते. आठवीचा मुलगा, चक्रवाढ व्याज. मुद्दल १०,०००, दर १० टक्के, २ वर्षं. त्याने व्याज काढलं २,०००. पुस्तकामागे उत्तर २,१००. त्याचा हात फोनकडे गेला, मी म्हटलं थांब, फोटो नाही काढायचा, टाईप कर. आणि त्याला हे लिहायला लावलं:

"मी आठवीत आहे, महाराष्ट्र बोर्ड. मला उत्तर सांगू नकोस आणि गणित सोडवून दाखवू नकोस. मी जे केलंय ते खाली लिहितो. पहिली चूक कुठे आहे ते ओळखायला मला एकच प्रश्न विचार, मी उत्तर दिल्यावरच पुढे जा."

खाली त्याने आपल्या पायऱ्या लिहिल्या. एआयने विचारलं, पहिलं वर्ष संपल्यावर तुझ्याकडे एकूण किती रक्कम आहे? तो म्हणाला ११,०००. मग विचारलं, दुसऱ्या वर्षी व्याज कशावर लागेल? पोरगं दहा सेकंद गप्प आणि मग एकदम, "आयला, अकरा हजारावर!" १,००० आणि १,१००, झाले २,१००. ते "आयला" म्हणजेच शिकणं. पायऱ्यांचा फोटो बघितला असता तर ते तोंडातून आलंच नसतं.

चॅटजीपीटीमध्ये जुलै २०२५ पासून स्टडी मोड आहे, जेमिनीत पण गाईडेड लर्निंग आहे, दोन्ही थेट उत्तर न देता असे प्रश्न विचारत नेतात. चांगलं आहे, सुरू करून द्या. पण मुलाला ते बंद करायला एक बोट पुरतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर शेजारी बसणं सोडू नका.

७. मराठीत विचारावं का इंग्रजीत?

ज्या माध्यमात पेपर लिहायचा त्या भाषेत. पण मराठीत एक गोची आहे, एआयच्या मराठीत हिंदी पाझरते. अपूर्णांकाला "भिन्न" म्हणतं, त्रिकोणाला "त्रिभुज", घनतेला "घनत्व", घनफळाला "आयतन", वर्गसमीकरणाला "द्विघात समीकरण". मुलाला वाटतं हा काहीतरी नवीनच धडा आहे. पेपरात "घनत्व" लिहिलं तर तपासणारा काय करेल ते त्याच्या मूडवर. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये लिहायचं की बालभारतीच्या पुस्तकातले शब्द वापर, आणि पाच-सहा शब्द स्वतःच टाईप करून द्यायचे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तेवढा धडा उतरवून एआयला चिकटवला की उत्तरं बरीच ताळ्यावर येतात.

सेमीवाल्यांनी उलट करा, इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद टाका आणि मराठीत समजावून सांग म्हणा. हा वापर मला शंभर टक्के मान्य आहे, यात काही नक्कल नाही. पुढे प्रश्न १२ पण वाचा.

८. उत्तर चुकीचं आहे हे मुलाला कळणार कसं? त्याला येत नाही म्हणूनच तर विचारतोय ना.

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. माझ्या घरातलाच किस्सा सांगते. मुलगी सातवीत, प्रकल्प होता परिसरातल्या जुन्या ठिकाणाचा. तिने आमच्या पेठेतली विहीर घेतली, एका एआयला विचारलं आणि दोन पानं माहिती आली, विहीर पेशवेकालीन, १७५२ साली बांधलेली, बांधणाऱ्या सरदाराच्या नावासकट. सुंदर अक्षरात उतरवून काढलं, मी पण वाचून मान डोलावली, मी सुद्धा! मग शेजारच्या आजोबांना दाखवायला गेली तर ते हसायलाच लागले, म्हणाले ही विहीर माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर खोदली, सरदार कुठला, गवंडी होता एक. प्रकल्प परत लिहिला, या वेळी आजोबांना विचारून, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी बरा झाला, त्यात विहीर खोदताना निघालेल्या खडकाचं काय केलं ते पण आलं.

तर कुठे चुकतं ते साधारण ओळखता येतं. जितकी गोष्ट गावातली, छोटी, कमी लोकांनी लिहिलेली, तितकं एआय जास्त रचतं. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय हे सहसा बरोबर येईल कारण ते लाखो ठिकाणी लिहिलंय. तुमच्या गावची यात्रा, एखाद्या संताचा कमी माहितीतला अभंग, पुस्तकाचा पान नंबर, इथे फसवेल. मला एकदा शेवटी "तुका म्हणे" लावलेला एक अभंग मिळाला होता, वाचायला गोड, गाथेत कुठे सापडेना.

मुलांना मी एकच खोड लावते, साल, नाव, आकडा आणि ओळ या चार गोष्टी एआयकडून आल्या तर वहीत पेन्सिलनेच लिहायच्या, पुस्तकात किंवा माणसाकडून खात्री झाली की मग पेन.

९. निबंध आणि पत्रलेखन? इथे तर सगळेच एआयकडून लिहून घेतात.

इथे मी जरा जास्त कडक आहे, रागावू नका.

"पावसाळ्यातील एक दिवस" लिहून दे म्हणा, धरणीमाता हिरवा शालू नेसणार, बेडूक डराव डराव करणार, शेवटी पाऊस हा जीवनदाता आहे. तिसऱ्या मुलाचा निबंध वाचताना मला पुढचं वाक्य आधीच पाठ असतं. माझ्याकडच्या एका मुलीला मी म्हटलं एआयला निबंध लिहायला सांगू नकोस, त्याला तुझी मुलाखत घ्यायला सांग, दहा प्रश्न, एकावेळी एकच. त्याने विचारलं काल पाऊस पडला तेव्हा तू कुठे होतीस. तिने लिहिलं, रिक्षात. काय दिसत होतं? रिक्षाचा प्लास्टिकचा पडदा, त्याच्या भोकातून पाणी, पलीकडच्या बाईच्या पिशवीतली मेथी भिजतेय. वास कसला? ओल्या सॉक्सचा. बस, त्या सॉक्सपासून निबंध सुरू झाला तिचा. लिहिला तिनेच, चुका पण तिच्याच, ऱ्हस्व-दीर्घ मी नंतर बघितले.

लिहून झाल्यावर एआयला शुद्धलेखन दाखवायला हरकत नाही, पण "सुधारून दे" नाही म्हणायचं, "चुकलेल्या शब्दांची यादी दे" म्हणायचं आणि वहीत स्वतः दुरुस्त करायचं. आणि त्या यादीवर पण डोळे झाकून विश्वास नको, मराठी ऱ्हस्व-दीर्घात ते स्वतःच गडबडतं. पत्रलेखनाला तर एआय लागतच नाही, नमुना पुस्तकात आहे, पाच वेळा लिहिलं की येतं.

१०. शाळाच इतकं लिखाण देते की रात्रीचे दहा वाजतात. थोडं एआयने केलं तर काय बिघडलं?

कधीकधी काही बिघडत नाही, खरंच. प्रकल्पाच्या वहीचं मुखपृष्ठ, चित्रं, "माहिती संकलित करा" टाईपचं काम ज्यात मुलाला काही विचार करायचाच नसतो, त्यात दोन तास घालवून डोळे लाल करण्यापेक्षा एआयची मदत घ्या आणि पोराला झोपवा. मी तर म्हणते ठरवून दोन ढीग करा, एक डोक्याचं काम आणि एक नुसतं हाताचं. गणित, निबंध, विज्ञानातलं "शास्त्रीय कारणे लिहा" हे डोक्याचं, तिथे प्रश्न ४ चा नियम. पान सजवणं हे हाताचं. फक्त कुठलं काम कुठल्या ढिगात हे मुलाने एकट्याने ठरवायचं नाही, नाहीतर सगळंच हाताच्या ढिगात जातं.

आणि शाळेशी बोला ना एकदा. पाच पालक मिळून गेले तर गृहपाठ कमी होतो, हे मी बघितलंय.

११. सवय आधीच लागलीय. एआय नसेल तर वही उघडतच नाही. आता काय करू?

आधी खरंच लागलीय का ते बघा. प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच फोटो काढतो का? "तू सांग ना तुझ्या शब्दात" म्हटलं की चिडतो का? वहीत सगळं बरोबर आणि चाचणीत निम्मं चूक असं होतंय का? तीनही हो असेल तर लागलीय.

एकदम तोडू नका, भांडण होईल आणि भांडणात तुम्ही दमाल. मी एका नववीच्या मुलाबरोबर असं केलं: पहिला आठवडा सगळं वापर, फक्त प्रत्येक प्रश्नाआधी वहीत एक ओळ लिहायची, "मला वाटतं उत्तर असं असेल कारण". चुकीची असू दे, एक ओळ. दुसऱ्या आठवड्यात पाच गणितांपैकी पहिली दोन बिना एआय, आणि दोन मुद्दाम सोपी निवडलेली, त्याला जमतील अशी. कारण या मुलांचा खरा प्रॉब्लेम आळस नसतो हो, त्यांना वाटायला लागलेलं असतं की आपल्याला जमतच नाही. त्याने पहिल्या दिवशी ती दोन गणितं केली आणि तीनदा विचारलं, "बरोबर आहे ना? नक्की?" मला वाईटच वाटलं. दीड महिना लागला. मध्ये एकदा घसरला पण, सहामाहीच्या आदल्या रात्री. चालायचंच.

आणि हो, त्याच वेळी तुम्ही सोफ्यावर बसून रील्स बघत असाल तर यातलं काहीच होणार नाही.

१२. आम्ही दोघंही सातवी-आठवी शिकलेलो, पोरगी सेमीला. ट्यूशन परवडत नाही. आमच्यासाठी तर एआयच मास्तर आहे, ते पण बंद करायचं का?

अजिबात नाही, ताई. वरचे सगळे नियम वाचून अपराधी वाटून घेऊ नका. ज्या घरात समजावून सांगणारं कोणी नाही तिथे रात्री नऊ वाजता चौथ्यांदा तीच गोष्ट न रागावता सांगणारं कोणीतरी असणं ही मोठी गोष्ट आहे. तिला धडा मराठीत समजावून घेऊ दे, शब्दांचे अर्थ विचारू दे, उदाहरणं मागू दे.

तुम्ही फक्त एक करा. भाकऱ्या थापताना तिला म्हणा, आज काय शिकलीस ते मला सांग, मला काही कळत नाही असं समजून सांग. तुम्हाला उत्तर बरोबर आहे का हे माहिती असायची गरज नाही. ती अडखळली, "म्हणजे ते असं असतं... थांब हां" म्हणाली, की तिलाच कळतं कुठे कच्चं आहे ते. आणि तुम्ही मध्येच "का?" विचारा. तुमच्या त्या "का" ला उत्तर द्यायला तिला स्वतःच विचार करावा लागतो, तिथे फोन कामाचा नाही.

१३. दहावी आहे. एआयकडून सराव प्रश्नपत्रिका करून घेऊ का?

घ्या, माझ्या मते सगळ्यात चांगला वापर हाच. परत परत वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून आठवणं जास्त टिकतं, हे मानसशास्त्रात पक्कं झालेलं आहे. २००६ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारा दिला, काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणून धडा द्या आणि म्हणा, यावर दहा प्रश्न विचार, उत्तरं आत्ता देऊ नकोस.

पण पूर्ण पेपरसाठी आधी बोर्डाचे जुने पेपर संपवा. एआयला तुमच्या पेपरचा आराखडा नीट माहिती नसतो, बीजगणिताचा लेखी पेपर ४० चा असतो तर हे ८० चा काढून देतं, वगळलेला भाग पण घालतं. आणि उत्तरपत्रिका त्याला तपासायला देऊ नका, फार गोड बोलतं, तीन मार्काच्या उत्तराला "खूप छान प्रयत्न" म्हणून अडीच देतं. बोर्डाचा तपासणारा एवढा प्रेमळ नसतो.

१४. शाळेत मॅडम म्हणाल्या हे एआयने लिहिलंय, पण मुलीने खरंच स्वतः लिहिलं होतं. काय करायचं?

असे तीन मेसेज आलेत मला. एआयने लिहिलंय का हे सांगणारी जी टूल्स आहेत त्यांच्यावर फार जाऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असं टूल काढलं होतं आणि जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी तपासलं तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले इंग्रजी निबंध या टूल्सनी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवले. आपली मुलं त्याच गटात येतात.

भांडायला जाऊ नका. कच्ची वही घेऊन जा, खाडाखोड असलेली, आणि म्हणा मुलीला समोर बसवून याच विषयावर पाच ओळी लिहायला सांगा नाहीतर दोन प्रश्न विचारा. म्हणून कच्चं लिखाण फाडून टाकायचं नाही, वर्षभर ठेवायचं. रद्दीवाला थांबेल.

१५. मुलाला डिस्लेक्सिया आहे. त्याला पण "आधी वही"?

नाही, त्याला वेगळा नियम. ज्याची अडचण वाचण्या-लिहिण्यात आहे त्याला धडा मोठ्याने वाचून दाखवणं, बोललेलं टाईप करून देणं यासाठी एआय म्हणजे चष्म्यासारखं आहे, आणि चष्म्याची सवय लागेल म्हणून कोणी काढून घेत नाही. फक्त विचार त्याचा असू दे, म्हणजे उत्तर तो बोलेल, फोन उतरवून घेईल. "आधी वही" च्या जागी "आधी तोंडी". बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती असतात, त्याची कागदपत्रं नववीतच शाळेतून सुरू करा, दहावीच्या डिसेंबरमध्ये धावपळ नको. आणि त्याच्या थेरपिस्टचं माझ्यापेक्षा जास्त ऐका.

१६. पैसे भरून प्लॅन घ्यावा का?

नको. शाळेच्या अभ्यासाला फुकटचं पुरतं. उलट फुकटच्यात मध्येच मर्यादा संपते आणि पोरगं नाईलाजाने वहीकडे वळतं, मला तर ती सोयच वाटते.

१७. फोटो, नाव वगैरे टाकलेलं चालतं का? आणि तो त्याच्याशी गप्पा पण मारतो.

पूर्ण नाव, शाळेचं नाव, गणवेशातला फोटो, ओळखपत्र, मार्कशीट, यातलं काही टाकायचं नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्या सगळ्यांना मूलच धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, पण कायदा तिकडे, फोन इकडे, तेव्हा काळजी आपणच घ्यायची. गणिताचा फोटो काढताना वहीवरचं नाव कापून घ्यायला शिकवा, दोन मिनिटांचं काम.

गप्पांचं म्हणाल तर चिडून फोन हिसकावू नका. तो तिथे काय बोलतोय यापेक्षा तुमच्याशी का बोलत नाहीये ते बघा. फारच उदास, एकटा वाटत असेल तर हा अभ्यासाचा विषय राहिलाच नाही, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा.

१८. (हा पालकांचा नाही, माझ्या आठवीच्या बॅचचा आहे) मॅडम, तुम्ही पण तर एआय वापरता, मग आम्हीच का नाही?

पकडलंत. हो, वापरते, सरावाची गणितं काढायला, एकाच उदाहरणाचे आकडे बदलून चार प्रकार करायला. पण प्रत्येक गणित मी आधी स्वतः सोडवते आणि मगच तुम्हाला देते. देते म्हणजे, सहसा देते. गेल्या महिन्यात लग्नघरातून रात्री उशिरा आले आणि न तपासता काम-मजुरांचा कागद छापला, त्यात एका गणिताचं उत्तर साडेतीन मजूर येत होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, अर्ध्या मजुराला जेवण किती द्यायचं?" त्या गणिताचे दोन मार्क सगळ्यांना दिले, आणि ज्याने विचारलं त्याला चॉकलेट.